निरोगी क्रमांक सात

सगळे बाहेर गेलेत हे तिला दारावरच्या टकटकीने कळलं. पेशींना खाऊ घालायचं काम चाललं होतं आणि ते करताना ती मान वर करत नसे. काचेच्या पडद्याखालून दोन्ही हात आत घालायचे, चपट्या डबीतलं जुनं गुलाबी पाणी ओढून घ्यायचं आणि ताजं सोडायचं, तेही डबीच्या कडेवरून हळूच, पेशींच्या अंगावर नाही. झोपलेल्या लेकराच्या तोंडावर कुणी तांब्या ओततं का, असं ती नव्या मुलींना विचारायची. टकटक पुन्हा झाली. दाराच्या काचेपलीकडे कर्नल उभी होती, कोटाची बाही नाकावर दाबून, दुसऱ्या हाताने तिला बाहेर बोलावत. कर्नल म्हणजे या प्रयोगशाळेतली डॉक्टर आणि तिची जुनी मैत्रीण. सैन्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता, आवाज मात्र तसा होता. तिने डब्या जागेवर ठेवल्या, हातमोजे काढले, दार उघडलं, आणि कर्नलने तिला दंडाला धरून जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. "मेलीस का गं आत?" "का? काय झालं?" "काय झालं म्हणून विचारते! अख्खा मजला रिकामा झालाय. बाटली फुटली, ती घाणेरडी. सडक्या अंड्यांचं गोदाम उघडल्यासारखं झालंय, आणि तू आपली निवांत बसलीयेस शेजारी." मागे व्हरांड्यात सगळे उभे होते, कुणी रुमाल धरून, कुणी खिडकीतून अर्धं बाहेर लोंबत. कुणीतरी म्हणालं, "मॅडमना शौर्यपदक द्या," आणि सगळे हसले. तीही हसली. "सर्दी झालीय मला," ती म्हणाली. हे वाक्य तिने ठरवून उच्चारलं नव्हतं. ते आधीच तयार होऊन जिभेवर बसलेलं होतं, जणू गेली कित्येक वर्षं याच प्रश्नाची वाट बघत.

सर्दी नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन तिने दीर्घ श्वास घेतला. हवा नाकात शिरली, थंड होती, कोरडी होती, नाकपुड्यांच्या कडांना लागली, घशात उतरली. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त हवेच्या आत काही नव्हतं. पाकीट यावं, हातात जड लागावं, आणि उघडल्यावर कोरा कागद निघावा तशी ती हवा. तिने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा कोरा. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा मात्र आत काहीतरी होतं, गोडसर, थंड, किंचित झिणझिण्या आणणारं, आणि ते ओळखायला तिला क्षणही लागला नाही. तो बाबांच्या वाटीचा वास होता. तिने वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं, लांबवर कर्नल कुणाला तरी खिडक्या उघडायला ओरडून सांगत होती. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्यांच्या दुकानाच्या जागी आता चपला मिळत होत्या.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली फट, त्यात एक टेबल, एक दिवा आणि एक स्टूल, आणि ते स्टूल तिचं. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची. बाबा डोळ्याला भिंग लावायचे, घड्याळ उघडायचे, त्याची दातेरी चाकं चिमट्याने एकेक करून काचेच्या वाटीत सोडायचे. वाटीत पाण्यासारखं दिसणारं पण पाणी नसलेलं काहीतरी असायचं. त्यात तेल-माती सुटायची, चाकं लख्ख व्हायची, आणि तो गोड वास त्या फटीत भरून राहायचा. तिला तो फार आवडायचा. ती मुद्दाम वाटीवर वाकायची. बाबा काम करता करता तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत असायचे, सुरात, एकाच ओळीला पुन्हा पुन्हा वळण देत, आणि चिमटा त्या वळणावर चालायचा. "बाबा, हे प्यायलं तर काय होतं?" "मनुष्य घड्याळासारखा चालायला लागतो." "म्हणजे?" "म्हणजे वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो, आणि आपल्या पोरीसारखे नको ते प्रश्न विचारत नाही." पुढे ते खरोखरच घड्याळासारखे चालायला लागले. एक पाऊल, थांबा, एक पाऊल. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळायचे आणि आई मागून म्हणायची, "गाणं म्हणा हो, गाणं म्हणा," मग ते देवाचं नाव सुरात घ्यायचे आणि त्या सुरावर पाय सुटायचा. ती तेव्हा नुकती शिकून बाहेर पडली होती. देवाशी भांडावं असं तिला कधी वाटलं नाही. पण का, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता, आणि बाबांनीच म्हटल्याप्रमाणे नको ते प्रश्न विचारायची तिला सवय होती.

म्हणून हे काम. लोकांना वाटतं, कंपवात, म्हणजे बाबांना झालेला पार्किन्सन्स, हात थरथरायला लागला की सुरू होतो. हात थरथरतो तोवर मेंदूच्या तळाशी असलेल्या त्या बारीक काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. आजार त्याच्या कितीतरी आधी घरात शिरलेला असतो, मागच्या दाराने: कुणाच्या आतड्यातून, कुणाच्या नाकाच्या मुळातून, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. एक प्रथिन असतं, अल्फा-सिन्युक्लीन, प्रत्येकाच्या चेतापेशींत असतं, गरीब, कामसू. कधीतरी त्याच्या एका कणाची घडी चुकते. ती चुकलेली घडी शेजारच्या कणाला आपल्यासारखं दुमडायला लावते, तो त्याच्या शेजारच्याला, आणि मग एका पेशीतून दुसरीत, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत ही अफवा वर चढत जाते. वर्षानुवर्षं चढते आणि माणसाला पत्ता नसतो. पहिली घडी का चुकते? आईबापांकडून आलेलं काही, शेतावर मारलेलं औषध, धातू धुवायची रसायनं, वय, की नुसतंच नशीब. बहुधा सगळ्यांचं थोडं थोडं. भेटायला येणाऱ्या माणसांना हे समजावताना ती हाताने घडी करून दाखवायची, आणि शेवटी म्हणायची, "वास जाणं ही बऱ्याच जणांत फार आधीची खूण असते. पण घाबरू नका, वास जाणारे बहुतेक लोक पुढे ठणठणीतच राहतात." हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की वाक्याला तिच्या आवाजाची घडी पडली होती. व्हरांड्यात उभी राहून तिने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. ते खरं होतं, आणि त्याने काहीही झालं नाही.

नेमका कधी गेला? हा प्रश्न तिला त्या आठवड्यात सोडेना. गेलेली गोष्ट गेल्याच्या दिवशी आवाज करते, भांडं पडतं, दार आपटतं. ही नुसती नाहीशी झाली होती. आणि भयंकर गोष्ट ही की तिला त्याची उणीव कधी भासलीच नव्हती, कारण वास येतच होते. सकाळी कॉफीचा येत होता, नवऱ्याच्या मानेचा येत होता, धुतलेल्या चादरीचा येत होता. आता ती एकेक वास पकडून त्याची उलटतपासणी घ्यायला लागली. कॉफी: कप हातात आला, वाफ ओठांना लागली, आणि वास आला. मग तिने डोळे मिटून, कप न उचलता, नुसतं नाक पुढे केलं. काही नाही. डोळे उघडले, कप दिसला, वास आला. म्हणजे कुणीतरी आत बसून पुरवठा करत होतं. जुन्या कोठारातून एकेक वास काढून, झटकून, वेळेवर तिच्यापुढे ठेवत होतं, इतक्या सराईतपणे की मालकिणीला कोठार रिकामं झाल्याचं कळू नये. तो कोण होता? तिचाच मेंदू, दुसरं कोण. पण रस्त्याने चालताना, बेकरीवरून जाताना, भाजक्या पावाचा वास अगदी वेळेवर समोर आला की तिच्या पाठीवरून काटा सरकायचा. दुकान बंद आहे हे मग लक्षात यायचं. आणि अधूनमधून, कुठलंच कारण नसताना, लिफ्टमध्ये, बँकेत, तो वाटीचा गोड वास यायचा. तो कुणी मागितलेला नव्हता. तो आपण होऊन यायचा, जवळ उभा राहायचा, आणि जायचा.

रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघरात ओट्यावर बरण्या मांडल्या. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. उत्तरपत्रिका तपासून कंटाळला की घरात फिरत सुटायचा. तो दारात येऊन उभा राहिला. "काय चाललंय? बरण्यांची परेड?" "वास ओळखायचा खेळ. डोळे बांध माझे." "का?" "सांगितलं ते कर ना रे." "मी भूगोलाचा मास्तर आहे बाईसाहेब, नाक हा विषय मला नाही," असं म्हणत त्याने टॉवेल तिच्या डोळ्यांवर बांधला आणि मागे गाठ मारताना तिच्या मानेवर फुंकर घातली. त्याला खेळ आवडला. पहिलं झाकण उघडलं, टक्. "कॉफी," ती म्हणाली. "बरोबर." दुसरं झाकण फिरवायचं होतं, करकरलं, आणि नाकात काहीतरी बारीक टोचलं. "लवंग." "बरोबर!" मग त्याने साबण पुढे केला, ओला थंडपणा नाकाला आधीच लागला. "साबण." बूटपॉलिशची डबी उघडताना त्याचा अंगठा घसरला आणि तो चुकचुकला. "पॉलिश." "अगं, तू तर पोलिसांच्या कुत्र्याला हरवशील. शंभरापैकी शंभर!" टॉवेलच्या काळोखात तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं, इतकं लहान मुलासारखं हलकं, की ती मोठ्याने हसली. नाक शाबूत होतं. व्हरांड्यातली गोष्ट म्हणजे थकवा, वेड, काहीतरी. "अजून एक," ती म्हणाली, "शेवटचं." तो इकडेतिकडे गेला, परत आला. टक्. "पुन्हा कॉफी. मला फसवतोस काय?" या वेळी 'बरोबर' आलं नाही. "अरे, कॉफीच आहे. चांगली खमंग. काल आणलेली." तिने टॉवेल वर सरकवला. त्याच्या हातात खिळे ठेवायला आणलेला नवा कोरा पत्र्याचा डबा होता, त्यावरचं चिटोरंसुद्धा अजून तसंच होतं. तो हसला, तीही हसली, आणि त्याचं हसू आधी थांबलं. "झाकणाचा आवाज तसाच आहे ना, म्हणून," ती म्हणाली. "हो, हो, आवाज अगदी तसाच आहे," तो घाईने म्हणाला. मग त्याने तो डबा स्वतःच्या नाकाला लावला आणि डोळे मिटून बराच वेळ वास घेत राहिला. तिची बाजू घेता येईल असं काहीतरी आत असेल म्हणून तो शोधत होता.

तिने आईला फोन केला. आई धाकट्या भावाकडे राहायची; ऐंशी ओलांडली होती आणि ऐकू सगळं यायचं, सोयीचं नसलं तर नाही. "आई, बाबांना वास येणं कधी बंद झालं गं?" "कसला वास?" "कसलाही." "आता मेल्यावर हे काय?" "सांग ना." पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "त्यांना वास येत नव्हता असं कुणी म्हटलं? फुलांनाच वास नव्हता." "म्हणजे?" "देवापुढे ठेवायला फुलं आणायचे ना. एक दिवस म्हणाले, हल्लीची फुलं नुसती दिसायला असतात. फुलवाला बदलला. मग तोही बदलला. मग म्हणाले, खतं घालतात, म्हणून वास जातो. तू आपली शाळेत होतीस तेव्हा, नववी-दहावीत. आम्ही दोघं मिळून त्या फुलवाल्यांना काय काय बोललो असू, देव क्षमा करो." "आणि तुला यायचा फुलांचा वास?" "मला यायचा," आई म्हणाली. "पण मी म्हटलं, ह्यांना देवाच्या दारी खोटं कशाला पाडायचं. मीही म्हणायचे, हो, वास नाही हल्ली." फोन ठेवल्यावर ती त्या दोघांना बघत राहिली: सकाळी देवापुढे हात जोडलेली, सुगंधी फुलांच्या मधोमध, एकाला वास येत नाही आणि दुसरीला येतो आणि दोघं एकसुरात म्हणतायत की नाही येत. नववी-दहावी. म्हणजे हात थरथरायच्या कितीतरी आधी. म्हणजे ती स्टुलावर बसून वाटीवर वाकायची तेव्हाच, तिच्या शेजारी बसलेल्या बाबांना त्या वाटीचा वास येत नव्हता. तो वास तिच्या एकटीचा होता.

मंगळवारी नेहमीची प्लेट होती. हे त्यांच्या प्रयोगशाळेचं मुख्य काम: प्लेटवरच्या बारीक खळग्यांत निरोगी प्रथिन भरायचं, त्यात एखाद्या माणसाच्या त्वचेतून काढलेला अंश मिसळायचा, आणि यंत्राने ती प्लेट हलवत ठेवायची, काही दिवस. त्या अंशात चुकलेल्या घडीचा एक कण जरी असला तरी तो खळग्यातल्या सगळ्यांना बिघडवतो, खळगा उजळायला लागतो आणि पडद्यावर रेघ वर चढते. नसला तर रेघ तळाशी आडवी राहते. अशा प्रत्येक प्लेटवर खात्रीचा एक निरोगी अंश ठेवावाच लागतो, नाहीतर चढलेल्या रेघेला अर्थ काय? सहा वर्षांपूर्वी, माणसं मिळेनात म्हणून, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापल्या मानेमागून त्वचेची डाळीएवढी चकती दिली होती. कर्नलनेच काढली होती, प्रत्येकाला ओरडत. तिचा क्रमांक सात. सातचा अंश भरपूर निघाला म्हणून पुढे सवयच पडली, प्लेट लावायची तर सात घ्यायचा. "सात नंबर झोपलेत ना? मग प्लेट चांगली," असं सगळे म्हणायचे. सहा वर्षं दर आठवड्याला ती पडद्यावर आपली आडवी रेघ बघत आली होती आणि, कुणाला सांगितलं नसलं तरी, दर वेळी मनातल्या मनात हात जोडत आली होती. बाबांची मुलगी असूनही सरळ. वाटीवर वाकूनही सरळ. देवाची कृपा दर आठवड्याला छापून येत होती. आज तिने फ्रीझर उघडला, पांढरी वाफ बाहेर पडून पायांवर आली, बर्फ साचलेल्या खणातून तिने सात नंबरची नळी उचलली, आणि ती तशीच उभी राहिली. हे कसं सुचलं नव्हतं? रोज इतरांना जे शिकवते ते स्वतःच्या बाबतीत कसं सुचलं नव्हतं? ही नळी तिची नव्हती. सहा वर्षांपूर्वीच्या एका बाईची होती. ती बाई उणे ऐंशी अंशांवर थांबलेली होती, तिचं वय वाढत नव्हतं, तिच्यात काही शिरत नव्हतं, ती कायमची निरोगी होती आणि दर मंगळवारी उठून तिच्या वतीने सांगत होती की सगळं ठीक आहे. आणि हिने, जी बाहेर राहून म्हातारी होत होती, दर मंगळवारी त्यावर विश्वास ठेवला होता. फ्रीझरचं दार उघडं राहिलं म्हणून यंत्र ओरडायला लागलं. नळी धरलेली बोटं बधिर झाली होती. वाफेमध्ये तिला आपला श्वास दिसत होता, आणि क्षणभर असं वाटलं की आतूनही कुणीतरी श्वास सोडतंय.

"सर्दी गेली का?" कर्नलने जिन्यात विचारलं. दोघी पायऱ्यांवर बसून चहा प्यायच्या, खुर्च्या असूनही. "कर्नल, मला सर्दी नव्हती." कर्नलने कप ओठांपाशी नेलेला तसाच ठेवला. तिला फोड करून सांगावं लागलं नाही. "कधीपासून?" "माहीत नाही. तेच तर." "वास जाणारे बहुतेक लोक—" "ठणठणीत राहतात. अगं, ते वाक्य माझं आहे." "मग ऐक ना स्वतःचं कधीतरी!" "लोक ऐकतात का?" "नाही," कर्नल म्हणाली, आणि दोघींना हसू आलं, आणि ते वाईट हसू होतं. मग कर्नल नेहमीच्या आवाजात आली. "ऐक. नाकवाल्या डॉक्टरकडे जा. एखादा ताप येऊन गेला असेल, नाकाचं हाड असेल. वय आहे, आपण काही सोळा वर्षांच्या नाही." "नवी चकती घे माझी." "कशाला? समजा निघालं काही. औषध आहे? थांबवायचं कुणाला येतं? अजून नाही. उद्या सकाळपासून तू चमचा उचलशील तर हात बघशील. मी बघितलीयेत अशी माणसं. न कळलेली बरी असतात." "आणि ती फ्रीझरमधली? ती माझं नाव लावून बसलीये. दर आठवड्याला आपण तिला विचारतो आणि ती सांगते मी बरी आहे. मला आता तिच्यासमोर उभं राहवत नाही गं." कर्नलने तिच्याकडे बघितलं, डॉक्टर बघतात तसं नाही, मैत्रीण घाबरून बघते तसं. "नवऱ्याला सांगितलंस?" "त्याला डबा माहितीये." "कसला डबा?" "काही नाही."

नवऱ्याला तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, सगळं, घडी कशी चुकते तेही, आणि हाताने करून दाखवायला सुरी खाली ठेवावी लागली. तो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून ऐकत होता. "तुला कळून घ्यायचंय?" "तुला?" तिने विचारलं. तो विचार करत राहिला. तो प्रामाणिक माणूस होता आणि प्रामाणिक माणसांना वेळ लागतो. "कळलं तर मी तुझ्या हाताकडे बघत राहीन." "आणि नाही कळलं तर?" "तरी बघीन. आत्ताही बघतोय." तिने हात उचलून त्याच्यापुढे धरला. दोघांनी तो बघितला, परक्याचा बघावा तसा, बोटांवर टोमॅटोच्या बिया चिकटलेला. तो स्थिर होता. फारच स्थिर होता, असं तिला वाटलं, आणि मग वाटलं की आता स्थिर असण्यावरही संशय घ्यायचा म्हणजे झालंच. "रविवारी त्या डब्यात मला खरंच काहीतरी आलं होतं," तो म्हणाला. "काय?" "पत्र्याचा वास. नव्या पत्र्याचा. तुला तो कॉफीसारखा वाटू शकतो." बाबांच्या शेजारी हात जोडून उभी असलेली आई तिला दिसली, आणि तिने ठरवलं. हा माणूस आपल्यासाठी आयुष्यभर फुलांना वास नाही म्हणत राहील. त्याला तेवढं करू द्यायचं नाही.

नवी चकती घेताना कर्नल ओरडली नाही. प्लेटही तिनेच लावली, आणि यंत्राच्या खोलीत हिला येऊ द्यायचं नाही असं सगळ्यांना बजावून ठेवलं. ते दिवस ती आपलं काम करत राहिली. पेशींना खाऊ घातला. भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला घडी करून दाखवली, आणि त्या गृहस्थांनी विचारलं, "हे आधी कळलं असतं तर?" तेव्हा ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "आधी कुणी येतच नाही हो आमच्याकडे. हात थरथरल्यावर येतात. आधीचं काय ते आम्हाला बघायलाच मिळत नाही, म्हणून थांबवायचं कसं तेही कळत नाही." म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. भिंतीपलीकडे यंत्र प्लेट हलवत होतं, थांबत होतं, बघत होतं, पुन्हा हलवत होतं. तो आवाज तिने अनेक वर्षांत ऐकला नव्हता, इतका तो ओळखीचा होता. आता तो जेवताना, अंघोळ करताना, घरीसुद्धा ऐकू यायचा: एक घरघर, थांबा, एक घरघर. देवा, ती म्हणायची, आणि पुढे काय मागावं ते सुचायचं नाही. रेघ आडवी राहू दे, असं मागावं तर ते आधीच ठरलेलं होतं, त्वचेत लिहिलेलं होतं, आणि लिहून झालेलं खोडून मागायची तिला बाबांनी सवय लावली नव्हती. मग ती नुसतंच नाव घ्यायची, सुरात, आणि घरघर त्या सुरावर चालायची.

ज्या सकाळी कर्नलने बोलावलं त्या सकाळी नवरा बरोबर आला. नातेवाईक बसतात त्या व्हरांड्यातल्या बाकावर तो बसला, पिशवी मांडीवर घेऊन. ती एकटी आत गेली. कर्नल उठून उभी राहिली. तिने खुर्ची ओढून दिली, आणि ती बसताना तिच्या कोपराखाली हळूच हात धरला. दोघींनी मिळून शेकडो माणसांना असं बसवलं होतं. "अगं, मी अजून चालते," ती म्हणाली. कर्नलने तोंड फिरवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "तीन खळगे लावले होते. तिन्ही." "दाखव." "काय बघायचंय त्यात!" "दाखव गं." पडद्यावर दोन रंगांच्या रेघा होत्या. एक तळाशी पडलेली, सरळ, सहा वर्षांची झोप न मोडलेली. दुसरी काही काळ तिच्या सोबत गेली होती, अगदी अंगाला अंग लावून, कुणाला फरक सांगता आला नसता. मग एका जागी तिने किंचित मान उचलली होती. मग वर. यंत्र चालूच होतं. ती बघत असतानाच रेघेच्या टोकाला आणखी एक ठिपका उमटला, आधीच्यापेक्षा वर. तिला भीती वाटायला हवी होती, आणि ती कुठेतरी होतीही, पण त्याआधी तिला त्या रेघेची ओळख पटली, एखाद्या अनोळखी गावात आपल्याच घराण्याचा चेहरा भेटावा तशी. स्वच्छ रेघ होती. प्रयोग चांगला झाला होता. "ह्याला आत बोलाव," ती म्हणाली.

तो आला आणि पडद्यासमोर उभा राहिला. नकाशे वाचायची सवय असलेल्या माणसाने बघावं तसं त्याने आधी खालची ओळ बघितली, मग बाजूची, मग रेघा. "यातली तू कुठली?" त्याने विचारलं. "दोन्ही," ती म्हणाली. त्याने मान हलवली, समजल्यासारखी, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मग ती कुठे ठेवावी ते न कळून पुन्हा पोटाशी धरली. नवा ठिपका उमटला. "थरथर कधी सुरू होईल?" "सांगता येत नाही. पाच वर्षं, पंधरा वर्षं. कदाचित कधीच नाही." "हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस?" "नाही रे. आपल्यात ते बंद आता. मला वास येत नाही, आणि तुला येतो. तू येतो म्हणायचं." त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "त्या डब्याला कसलाही वास नव्हता." "माहितीये मला."

मग ती कर्नलकडे वळली. "तुझ्याकडे आता एकाच माणसाच्या दोन चकत्या आहेत. आधीची आणि नंतरची. आपल्या सगळ्या फ्रीझरमध्ये अशी दुसरी जोडी नाही." "तू आता घरी जा," कर्नल म्हणाली. "चार दिवस प्रयोगशाळेचं तोंड बघू नकोस. हुकूम समज." "किती वर्षं आपण रडतोय, आधी कुणी येत नाही, आधी कुणी येत नाही. आले ना मी. दुसऱ्या बाजूची चकती घे. पायाची घे. पाठीतलं पाणी कधी काढायचं ते तू ठरव, आणि दर सहा महिन्यांनी घ्यायचं. पेशीही वाढव माझ्या, मी शिकवते तशा, कडेवरून पाणी सोडून." "आज नाही." "आजच. आज मी स्वतःहून बसलीये, उद्याचं मला सांगता येत नाही." कर्नलने नवऱ्याकडे बघितलं, की हा तरी अडवेल. त्याने पिशवी जमिनीवर ठेवली, कोट काढायला तिला मदत केली आणि तिचे केस मानेवरून बाजूला धरून उभा राहिला. पडद्यावर ठिपके उमटत होते. कर्नलने हात धुतले, हातमोजे घातले, भुलीची सुई भरली, सगळं नेहमीच्या क्रमाने, आणि मागे येऊन उभी राहिली. आणि तशीच उभी राहिली. सुईचं टोक कातडीला न लागता लागल्यासारखं मानेजवळ हलतंय, हे तिला पाठीमागे न बघता कळलं. तिने हात मागे नेला, कर्नलचं थरथरतं मनगट मुठीत घेतलं, आणि ते स्थिर होईपर्यंत धरून ठेवलं.